सातासमुद्रापारची चूल

नाशिकहून पुण्याला निघाले की वाटेत संगमनेर लागते. बँकेच्या नोकरीत तीन वर्षे मी त्या गावी काढली. गोपाळराव जोशी मूळचे तिथलेच, हे मला तिथे गेल्यावर कळले. टपाल खात्यातला हा कारकून विक्षिप्त, हट्टी आणि काळाच्या बराच पुढे धावणारा होता. त्याच्या बायकोचे नाव शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. पहिली भारतीय महिला डॉक्टर म्हटले की आनंदीबाई जोशी, हे उत्तर आपण घोकून बसलो आहोत. ही पदवी मिळवताना ती मुलगी अमेरिकेत काय खात होती, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. माझी पुतणी न्यू जर्सीला राहायला गेली आणि तिच्यासाठी गोडा मसाला, मेतकूट आणि नाशिकचा चिवडा यांच्या पिशव्या तराजूवर तोलून बॅगेत भरण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हापासून तो माझ्या डोक्यात आहे.

कल्याणच्या जोशांची यमुना ३१ मार्च १८६५ रोजी जन्मली. नवव्या वर्षी तिचे लग्न झाले ते जवळजवळ वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या, बिजवर गोपाळरावांशी. यमुनेची आनंदी झाली. बायकोने शिकलेच पाहिजे, हा या नवऱ्याचा ध्यास होता, आणि त्यापायी तो हातही उगारी. अभ्यास सोडून ती स्वयंपाकघरात रमलेली दिसली म्हणून त्यांनी तिला काठीने मारल्याची हकीकत सांगतात. स्वयंपाक केला नाही म्हणून मार खाणाऱ्या बायका गावोगाव होत्या. स्वयंपाक केला म्हणून मार खाणारी बहुधा ही एकटीच!

चौदाव्या वर्षाच्या सुमारास तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर योग्य उपचार मिळाले असते तर, हा सल तिच्या मनात राहिला. डॉक्टर होण्याच्या निश्चयामागे तो होताच. गोपाळरावांनी अमेरिकन मिशनऱ्यांना लिहिलेले पत्र तिकडच्या मासिकात छापले गेले आणि १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीच्या हाती पडले. दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत चाळायला घेतलेले मासिक! त्यातून पत्रव्यवहार सुरू झाला आणि कार्पेंटरबाई आनंदीबाईंच्या मावशी झाल्या.

अमेरिकेला जायचे ठरल्यावर २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी भाषण केले. (हे श्रीरामपूर बंगालमधले, आपल्या नगर जिल्ह्यातले नव्हे.) हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, अशा आशयाचा शब्द त्यांनी चारचौघांत दिला. ऐकायला हे वाक्य धर्माचे वाटते. पण रोजच्या व्यवहारात त्याचा अर्थ ताटाशी येऊन थांबतो. हिंदू राहायचे म्हणजे काय खायचे, कोणाच्या हातचे खायचे आणि काय नेसायचे, हेच त्या काळी प्रथम पाहिले जाई. त्या वेळी त्यांना अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते.

७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली, ती मिशनरी बायकांच्या सोबतीने. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. रोझेलमधला तो उन्हाळा हा आनंदीबाईंच्या परदेशवासातला सर्वांत सुखाचा काळ असावा असे मला वाटते. कार्पेंटरांचे घर मायेचे होते. पाहुणीच्या शाकाहाराची तिथे थट्टा झाली नाही, उलट कौतुक झाले. आनंदीबाईंनी स्वतः रांधून तिथल्या मंडळींना आपल्याकडचे जेवण घातले. ती गोरी माणसे जमिनीवर मांडी घालून हाताने जेवायला बसली, हे चित्र मला फार आवडते. ज्या हातांना स्वयंपाकासाठी मार बसला होता, त्यांनीच ही पंगत वाढली. परक्या मुलखात आपण कोण, हे सांगायला भाषणापेक्षा पंगत बरी पडते. पुतणीच्या शेजाऱ्यांनाही तिचे नाव नीट उच्चारता येत नाही, पण तिचे पोहे त्यांना आवडतात.

ऑक्टोबर उजाडला आणि सुख संपले. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. डीन रेचेल बॉडली यांनी तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती दिली. अडचण होती ती खोलीची. खोलीतली शेकोटी नीट पेटत नसे, धूर आत कोंडे. खिडकी उघडावी तर थंडी, मिटावी तर धूर! दिवसभर व्याख्याने आणि शवविच्छेदन करून आल्यावर अशा खोलीत स्वतःचे अन्न स्वतः रांधायचे. आयते मिळणारे जेवण त्यांच्या कामाचे नव्हते. त्या काळच्या अमेरिकन स्वयंपाकघरात केकपासून पावापर्यंत कशातही डुकराची चरबी असू शके. उरले काय? दूध, बटाटे, फळे आणि जे स्वतः शिजवता येईल ते. पुतणीच्या घरापासून मोटारीने थोड्याच वेळात एडिसनचा ओक ट्री रोड लागतो. तिथे आज मेथीची जुडीही मिळते आणि कढीपत्ताही. रोझेल तिथून फार लांब नाही. १८८३ साली त्या सबंध परिसरात चिमूटभर हिंग तरी मिळाला असता का?

आनंदीबाई आजारी पडू लागल्या. घटसर्पाने त्यांना गाठले, ताप आणि डोकेदुखी पाठ सोडीनात. पुढे बॉडलीबाईंनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. थंडीसाठी त्यांनी नऊवारीऐवजी गुजराती पद्धतीने लुगडे नेसायला घेतले, तर त्याचाही खुलासा नवऱ्याला पत्राने करावा लागला. गोपाळरावांची पत्रे कधी प्रेमाची, कधी संशयाने भरलेली असत. १८८५ साली ते स्वतः अमेरिकेत आले आणि तिथे व्याख्याने देत अमेरिकनांवरच टीका करीत सुटले. बायकोला सातासमुद्रापार पाठवण्याइतका हा माणूस सुधारक होता, पण ती तिकडे जराही बदलू नये ही त्याची अपेक्षा होती. मला त्यांचा राग येतो. तरी त्यांच्यावाचून यमुना कल्याणच्या स्वयंपाकघरातच राहिली असती, हेही खरे.

याच सुमारास पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये होत्या. त्यांनी १८८३ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण शाकाहार सोडला नाही. नात्याने लांबच्या बहिणी लागणाऱ्या या दोघींची भेट झाली ती आनंदीबाईंच्या पदवीदानाच्या वेळी, ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात. प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून आनंदीबाई एकविसावे वर्ष पुरे व्हायच्या आत एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांची वाट पाहत होती.

ती त्यांना घेता आली नाही. क्षयाने शरीर आतून पोखरले होते. आहाराच्या व्रताने त्यांचा बळी घेतला, असे सरळ म्हणणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. क्षयावर तेव्हा कोणाकडेच औषध नव्हते, आणि सामिष खाणारी माणसेही त्याने मरत होती. पण अर्धपोटी राहून, धुरात, तीन हिवाळे काढलेल्या शरीराकडे झुंजायला शिल्लक किती असणार?

नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईला उतरल्या. समुद्र ओलांडलेल्या या बाईला लोक वाळीत टाकतील अशी भीती होती, पण तिचे स्वागत झाले. दिलेला शब्द तिने ताटातसुद्धा पाळला होता, हे त्यामागचे एक कारण असावे. अखेर पुण्यात आपल्या माणसांत, आपल्या वरणभाताजवळ त्या पोचल्या, तेव्हा जेवणाची ताकदच उरली नव्हती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या गेल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत पुरल्या गेल्या.

गोपाळराव मागे राहिले. ऑक्टोबर १८९० मध्ये त्यांनीच पुण्यातल्या प्रतिष्ठितांना पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला नेले. टिळक होते, रानडेही होते. तिथे पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे आली. मग गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली. मिशनऱ्यांच्या घरच्या त्या कपभर चहावरून पुण्यात मोठे ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि टिळक, रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले.