सहकारमहर्षी विठ्ठलराव विखे पाटील

लोणी हे अहिल्यानगर जिल्ह्यातील, प्रवरेच्या खोऱ्यातील गाव. तेथील शेतकरी जे पिकवी, ते सावकाराच्या घरी जाई. गावचे विठ्ठलराव फारसे शिकलेले नव्हते. परंतु कर्जाचे गणित त्यांना पुरते उमगले होते. १९२३ साली त्यांनी लोणीत सहकारी पतपेढी काढली. पुढे कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला, तेव्हा साखर कारखाना शेतकऱ्यांनी स्वतःच उभारावा, असे त्यांनी मनावर घेतले. नांगर धरणारे हात यंत्रे चालवतील काय, अशी शंका पुष्कळांस आली. विठ्ठलराव गावोगाव हिंडले, शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमविले. अध्यक्षपदाचा मोह त्यांना पडला नाही. ते स्थान अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांना मिळाले. १९५० च्या अखेरीस गाळप सुरू झाले. पुढे लोणीत शाळा, महाविद्यालये निघाली, रुग्णालयही उभे राहिले. विठ्ठलराव १९८० साली निवर्तले.