थकलेल्या कामगारांना हक्काचं दार देणारे गिरणीमालक. कोण होते टायटस सॉल्ट?

काम थांबलं की पगार थांबतो. मग म्हातारपणी राहायचं कुठे? १९व्या शतकातल्या इंग्लंडमध्ये निराधार वृद्धांपुढे अनेकदा वर्कहाऊस हाच पर्याय असे. १८३४च्या कायद्यानंतर तिथे नवरा-बायकोलाही वेगळं ठेवलं जाई. एका गिरणीमालकानं मात्र वेगळा मार्ग काढला.

कोण होते टायटस सॉल्ट?

जन्म १८०३, यॉर्कशायरमधल्या मॉर्ले इथे. वडील लोकरीचे व्यापारी. अल्पाका या प्राण्याच्या लोकरीपासून चमकदार कापड विणून सॉल्ट श्रीमंत झाले. १८४८मध्ये ते ब्रॅडफर्डचे महापौर झाले. धूर, दाटीवाटी आणि १८४९ची कॉलऱ्याची साथ त्यांनी तिथे जवळून पाहिली.

शहराबाहेर गाव का वसवलं?

त्यांनी शहराबाहेर एअर नदीकाठी नवी गिरणी उभारली. १८५३मध्ये, त्यांच्या ५०व्या वाढदिवशी ती सुरू झाली. शेजारी कामगारांसाठी ८००हून अधिक दगडी घरं बांधली गेली. सॉल्ट अधिक एअर, म्हणून गावाचं नाव सॉल्टेअर. ही घरं भाड्याची होती. त्यामुळे प्रश्न उरलाच: हात थकल्यावर भाडं कुठून द्यायचं?

वृद्धांची घरं कशी होती?

१८६८मध्ये ४५ 'आम्सहाऊस' म्हणजे वृद्ध आणि आजारी लोकांसाठी मोफत घरं तयार झाली. वास्तुविशारद होते लॉकवूड आणि मॉसन. इटालियन धाटणीची, कमानदार खिडक्यांची ही घरं एखाद्या बंगल्यासारखी दिसतात. समोर बाग, जवळच दवाखाना. प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र दार, स्वतःची चूल आणि झोपायची खोली. शिवाय दर आठवड्याला पेन्शन. वर्कहाऊसच्या सामायिक खोल्यांच्या अगदी उलट अशी ही रचना होती. इथे म्हातारं जोडपं एकत्र राहू शकत होतं.

अट काय होती?

घर मिळायला चारित्र्य चांगलं असावं लागे. म्हणजे हा हक्क नव्हता, मालकाची मर्जी होती.

पुढे काय झालं?

सॉल्ट १८७६मध्ये गेले. अंत्ययात्रेच्या वाटेवर सुमारे एक लाख लोक उभे होते, असं सांगतात. ब्रिटनमध्ये सरकारी वृद्धापकाळ पेन्शन सुरू झाली ती १९०९मध्ये, तीही सत्तरीनंतर. २००१पासून सॉल्टेअर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. गिरणीइतकीच ही ४५ घरंही त्या वारशाचा भाग आहेत.