अरणचा मळेकरी : श्रीसंत सावतोबा महाराज

आषाढीला गावोगावच्या संतांच्या पालख्या चंद्रभागेच्या वाळवंटाकडे निघतात. आळंदीहून माउली येतात, देहूहून तुकोबाराय येतात, त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथ आणि पैठणहून नाथमहाराज येतात. श्रीसावतोबा महाराजांची पालखी मात्र पंढरीस येत नाही. उलट आषाढ वद्यात देवाचीच पालखी पंढरीहून अरणला जाते. भक्ताने देवाकडे जावे ही सर्वत्र रीत. येथे देव भक्ताच्या मळ्यात जातो. हे असे का, ते समजायला मळाच पाहिला पाहिजे. म्हणून महाराजांचे चरित्र आज आम्ही विहीर, पाट आणि वाफे यांच्या वाटेने सांगणार आहोत. वारकरी बंधुभगिनींनी ते गोड मानून घ्यावे.

अरण हे गाव सोलापूर जिल्ह्यात, माढे तालुक्यात, मोडनिंबाजवळ आहे. महाराजांचे आजोबा देवू माळी हे औसे गावचे. ते कुटुंब घेऊन अरणास आले व तेथेच स्थिरावले. त्यांना पुरसोबा व डोंगरोबा असे दोन पुत्र. पुरसोबा शेती सांभाळून भजन करीत, पंढरीची वारीही करीत. त्यांच्या पोटी शके ११७२, म्हणजे इसवी सन १२५० मध्ये सावतोबांचा जन्म झाला, असे परंपरा सांगते. पुढे भेंड गावच्या भानवसे यांच्या घरची जनाई त्यांना पत्नी म्हणून लाभली. विठ्ठल नावाचा मुलगा आणि नागाताई नावाची मुलगी अशी दोन लेकरे झाली. म्हणजे महाराज पुरे संसारी होते. त्यांनी घर सोडले नाही, जमीन टाकली नाही, भगवी वस्त्रे घेतली नाहीत.

काळ देवगिरीच्या यादवांचा, राजा रामचंद्रदेवाचा. महाराज नामदेवरायांहून वीस वर्षांनी वडील. नेवाशास माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली ती शके १२१२ मध्ये. तेव्हा महाराज चाळिशीत होते.

आता मळ्याकडे चला. आजच्या मुलांनी मोट पाहिलेली नाही. विजेचे पंप आले आणि मोट गेली. पूर्वी विहिरीचे पाणी काढायचे ते चामड्याच्या मोटेने. बैल धावेवरून उताराकडे चालू लागले की नाडा ताणला जाई, चाक कुरकुरे आणि भरलेली मोट वर येई. तिची सोंड थारोळ्यात मोकळी होई. तेथून पाणी पाटाने वाफ्यांकडे धावे. एक वाफा भिजला की त्याचे तोंड मातीने बंद करून दुसऱ्याचे उघडायचे, याला दारे धरणे म्हणतात. पाणी कमी पडले तर रोप सुकते, जास्त झाले तर मूळ कुजते. दारे धरणाऱ्याचे लक्ष क्षणभर ढळून चालत नाही. जपमाळेचा मणी ओढावा तशी ही एकेक वाफ्याची मोजणी. ही मोट, हा नाडा, ही विहीर महाराजांच्या अभंगांत आली आहे. ती काही दृष्टांतापुरती आलेली नाही. हाताला घट्टे पडलेल्या माणसाच्या मुखातून ती आली आहे.

माढ्याचा मुलूख पावसाचा बेभरवशाचा. तिथला शेतकरी आभाळाकडे बघून, नक्षत्रं मोजून पेरतो. उत्तरा-हस्ताच्या ओलीवर रब्बीची जोंधळ्याची पेर व्हायची. जोंधळा, हरभरा, तूर, करडई हे जिरायतीत. मुळा, कांदा, लसूण, मेथी, कोथिंबीर, वांगी हे मळ्यात. भाकरी घरची, डाळ घरची, तेल करडईचे, भाजी वाफ्यातली. मीठ सोडले तर बाजारचं फारसं काही लागत नसे. बी सुद्धा विकत आणायचे नाही. चांगले कांदे निवडून पुन्हा लावायचे, गोंडे वाळले की बी झाडायचे. हे बी वर्षाहून जुने झाले की उगवण घटते, म्हणून दर साली नवे धरावे लागते. मुळ्याला शेंगा येऊ द्यायच्या. कोवळ्या डिंगऱ्यांची भाजी करायची आणि निवडक शेंगा बियांसाठी राखायच्या. धान्य पेवात किंवा कणगीत, कडुनिंबाचा पाला घालून. शेणाचे खत, पिकांची फेरपालट, हरभऱ्याने जमिनीला येणारा कस, ही विद्या पोथीत नव्हती, बापाकडून लेकाकडे हातोहात येत होती.

महाराजांचा एक सुप्रसिद्ध अभंग सर्वांना पाठ आहे, त्यात मिरचीचे नाव येते. मिरची या देशात पोर्तुगिजांच्या पाठोपाठ आली, आणि पोर्तुगीज आले ते १४९८ मध्ये, महाराजांनंतर दोनशे वर्षांनी. त्यांच्या वेळी तिखटासाठी मिरे व आले असे. तेव्हा तो शब्द पुढच्या गाणाऱ्यांच्या मुखातून आला असला पाहिजे. महाराजांचे अभंग काशिबा गुरव लिहून घेत, असे सांगतात. आज सदतीसच उरले आहेत. शतकानुशतके ते शेतात, दिंडीत, ओवीसारखे गाइले गेले. गाणाऱ्याने आपल्या वाफ्यातली मिरची त्यात खोवली, यात महाराजांना काही उणे येत नाही. अभंग जिवंत होता, इतकेच त्यावरून कळते.

कांद्याची गोष्ट मात्र विचार करायला लावणारी आहे. आम्ही पाठशाळेत मनुस्मृती शिकलो. तेथे कांदा आणि लसूण द्विजांना अभक्ष्य म्हणून सांगितले आहेत. आपणही चातुर्मासात ते वर्ज्य करतो. महाराजांनी मात्र नेमक्या त्याच कांद्यात, लसणीत आपली विठाई पाहिली. त्यांनी नियमाशी भांडण मांडले नाही. ज्यासाठी त्यांचे हात रोज मातीत जात होते, तेच त्यांनी देवाला वाहिले. गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे की आपल्या कर्माने ईश्वराची पूजा केली असता मनुष्यास सिद्धी मिळते. माउलींनी त्यावर भाष्य करताना स्वकर्मांनाच पूजेची फुले म्हटले. फुले बागेतलीच हवीत असे नाही, हे महाराजांनी दाखवले. चातुर्मासाचा नियम आपण अवश्य पाळावा. त्याचा अभिमान धरून पिकवणाऱ्याला कमी लेखू नये.

स्वयंपूर्ण म्हटले की लोकांना वाटते, माणूस एकटा राहिला आणि कुणाची गरज उरली नाही. तसे नसते. मोट चर्मकाराने शिवायची, दोर वळणाराने वळायचा, औत सुताराने करायचे, खुरप्याला धार लोहाराने लावायची, गाडगी कुंभाराची. या सगळ्यांच्या हातांवर एक मळा उभा राहतो. त्याच काळात तेरला गोरोबाकाका चिखल तुडवीत होते, पंढरीत नरहरी सोनार दागिने घडवीत होते, मंगळवेढ्याला चोखोबा राबत होते. सगळेच आपापल्या कामात आणि सगळ्यांच्या मुखी एकच नाम. संतांचा मेळा असा कामकऱ्यांचा मेळा होता.

आता मुख्य शंकेकडे येऊ. कीर्तन आटोपल्यावर शेतकरी मंडळी आम्हांस हटकून विचारतात की, बुवा, पंढरी एवढी जवळ, बाप वारी करणारा, मग महाराज का गेले नाहीत? आणि विचारणाऱ्याच्या मनात आपलेच दुःख असते. पेरणी तोंडावर असते, घरात म्हातारी आजारी असते, दिंडी वेशीवरून पुढे जाते आणि हा बांधावर उभा राहून डोळे पुसतो. कुणीतरी त्याला टोचून बोललेले असते की तुझी भक्ती कच्ची.

यावर आमचे सांगणे असे. जिरायतीची पेर उरकून शेतकरी पंढरीस जाऊ शकतो, आणि लाखो जातात. मळ्याचे तसे नाही. पावसाने ओढ दिली तर पाण्याची पाळी चुकवता येत नाही. कोवळे रोप चार दिवस थांबत नाही. बैल मुके, त्यांना वैरण वेळेवर हवी. महाराज गेले नाहीत ते आळसाने नव्हे, आणि वारीला कमी लेखूनही नव्हे. पंढरीचे वारकरी दारात आले की ते सर्व विसरत. एकदा सासरची माणसे घरी आली असता महाराज भजनात इतके रंगले की पाहुण्यांकडे लक्षच राहिले नाही, आणि जनाई रागावली, अशी कथा आहे. महाराजांनी तिची समजूत घातली. पुढे तीही भजनात रमली.

म्हणून ज्याला जाणे शक्य आहे त्याने वारी चुकवू नये. महाराजांचे नाव पुढे करून घरी लोळत पडणे हा त्यांच्या नावाचा गैरवापर होय. पण ज्याला खरोखर जाता येत नाही त्याने खंत करू नये. दारे धरताना नाम घ्यावे. फक्त काम महाराजांसारखे करावे. अर्धवट खुरपलेला वाफा देवाला कसा दाखवायचा?

देवाने याचा निवाडा कसा केला ते संतचरित्रांत आले आहे. पैठणचा कूर्मदास हातापायांनी पंगू, पोटाने सरकत पंढरीस निघाला तो लऊळपर्यंत आला आणि तिथेच खिळला. त्याला भेटायला पांडुरंग ज्ञानदेव-नामदेवांसह निघाले. वाटेत अरण लागले. देव दोघांना मागे ठेवून मळ्यात शिरले आणि मला लपव म्हणून सावतोबांची विनवणी करू लागले. महाराजांनी खुरप्याने आपली छाती चिरून देवाला हृदयात ठेवले. नामदेवराय देव शोधीत व्याकूळ होऊन आले, तेव्हा तो तिथे सापडला. ज्या खुरप्याने तण काढायचे, त्यानेच देवासाठी जागा केली. महाराजांपाशी दुसरे शस्त्र नव्हते, आणि दुसरे लागलेही नाही.

शके १२१७, आषाढ वद्य चतुर्दशीस, इसवी सन १२९५ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी महाराजांनी देह ठेवला. त्याच शकात, काही महिन्यांनी, १२९६ च्या आरंभी अल्लाउद्दीन देवगिरीवर चालून आला आणि राजाची तिजोरी लुटली गेली. राज्ये गेली, तरी अरणच्या मळ्यातले ते मूठभर अभंग कुणाला लुटता आले नाहीत.

आषाढीची वारी करून परतताना ज्यांना सवड असेल त्यांनी अरणची वाट धरावी, समाधीवर माथा ठेवावा. आणि घरी गेल्यावर अंगणात, परसात, निदान चार हात जागेत मेथीचा का होईना एक वाफा करावा. पहिली जुडी खुडून विठोबापुढे ठेवावी, मग घरात घ्यावी. महाराजांच्या पूजेची सामग्री याहून निराळी नव्हती. रामकृष्णहरी.