वेल्लोरच्या डॉक्टर आयडाबाई

तामिळनाडूतील वेल्लोर हे गाव आपल्याकडच्या पुष्कळ घरांत आजारपणामुळेच ठाऊक झालेले असते. इथल्या डॉक्टरांनी हात टेकले की कोणीतरी म्हणतो, एकदा वेल्लोरला दाखवून या. मग आगगाडीची तिकिटे काढायची, डबे बांधायचे आणि निघायचे. तसे पाहिले तर या गावाशी आपले नाते त्याहून जुने आहे. तेथील पाण्याच्या खंदकाचा भुईकोट किल्ला शिवछत्रपतींच्या फौजेने १६७८ साली घेतला होता. परंतु आज मला सांगायचे आहे ते किल्ल्याविषयी नव्हे, तर ज्या बाईने तेथे इस्पितळ उभे केले तिच्याविषयी.

डॉ. आयडा सोफिया स्कडर जातीने अमेरिकन, पण त्यांचा जन्म मात्र आपल्याच देशातला. ९ डिसेंबर १८७० रोजी वेल्लोरजवळच्या राणीपेट येथे त्या जन्मल्या. आजोबा डॉ. जॉन स्कडर हे १८१९ साली अमेरिका सोडून सिलोनला आले व पुढे मद्रासकडे राहिले. धर्मप्रसार आणि वैद्यकी अशी दोन्ही कामे ते करीत. त्यांचे सातही मुलगे मिशनरी म्हणून हिंदुस्थानातच राबले. त्यांपैकी एक आयडाचे वडील, तेही डॉक्टर. पाच भावांच्या पाठीवर झालेली ही एकुलती एक मुलगी. लाडाची असणारच.

पण बालपण काही सुखाचे म्हणता येणार नाही. १८७६ ते ७८ या काळात दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला. अंगणात येऊन बसलेल्या हाडकुळ्या मुलांच्या तोंडात पावाचे तुकडे घालण्याचे काम या सहा-सात वर्षांच्या पोरीला करावे लागले, कारण त्या मुलांना हातात धरून खाण्याचेही त्राण नव्हते. पुढे कुटुंब अमेरिकेला गेले. काही वर्षांनी वडील परत हिंदुस्थानात आले, त्यांच्या मागून आईही आली, आणि आयडाला नातेवाइकांकडे ठेवले. आईबापांनी परक्या मुलांसाठी आपल्या मुलीला मागे ठेवावे याला काय म्हणावे हे मला कळत नाही. मुलीला ते फार लागले एवढे खरे. हिंदुस्थान म्हणजे उन्हाळा, धूळ, भुकेली माणसे आणि आईची ताटातूट, असे तिच्या मनात पक्के बसले. आपण मिशनरी व्हायचे नाही, अमेरिकेत राहून चांगले लग्न करून संसार थाटायचा, असा तिचा बेत होता. त्यात चूक ती काय?

१८९० साली आई आजारी असल्याची तार आली. तेव्हा आईवडील तिंडिवनम् या गावी होते. आयडा वीस वर्षांची. आईची शुश्रूषा करावयाची आणि ती बरी झाली की परत जायचे, एवढ्याच विचाराने ती आली. तेथे ती रात्र आली.

आयडा आपल्या खोलीत दिव्याजवळ बसली होती. ओसरीवर पावले वाजली. एक तरुण ब्राह्मण दारात उभा होता. त्याची बायको, अगदी कोवळ्या वयाची मुलगी, बाळंतपणात अडली होती आणि सुइणींनी आशा सोडली होती. अमेरिकेहून बाई आल्या आहेत असे ऐकून तो आला होता. आयडाने सांगितले की मला वैद्यकी येत नाही, पण माझे वडील डॉक्टर आहेत, त्यांना घेऊन आत्ता निघू या. तो मागे सरला. परपुरुषाने आपल्या घरातील बाईचे तोंड पाहणे त्याच्या रीतीत बसत नव्हते. त्यापेक्षा ती मेलेली बरी, असे म्हणून तो अंधारात निघून गेला.

थोड्या वेळाने पुन्हा पावले वाजली. त्याचे मन वळले असेल असे वाटून ती धावत बाहेर आली, तो दुसराच माणूस. हा मुसलमान. त्याच्याही घरी तीच अडचण. वडिलांनी स्वतः त्याची विनवणी केली, मुलीने केली, पण तोही ऐकेना. आणि पहाटेच्या आत तिसरा आला, तो वरच्या जातीतला एक हिंदू गृहस्थ. त्याचेही तेच. आयडाला झोप लागली नाही. सकाळी गावातून प्रेतयात्रेच्या ढोलाचा आवाज आला. तिने नोकराला चौकशीला पाठविले. तिन्ही बायका गेल्या होत्या.

भगिनींनो, हे वाचताना त्या तीन नवऱ्यांचा राग येतो. माझाही पहिला राग त्यांच्यावरच होता. पण नंतर मनात येते, ते रात्री कंदील घेऊन साहेबाच्या बंगल्यापर्यंत चालत आले होते. बायको जगावी असे वाटत नसते तर आले असते कशाला? आडवी आली ती रीत. आमच्या आजेसासूबाई सांगत, त्यांच्या माहेरी बाळंतिणीच्या खोलीत अंधार आणि धुरी, आणि घराण्याचे नाव मोठे म्हणून डॉक्टर बोलवायचा नाही. तेव्हा हे काही तामिळ मुलखापुरतेच नव्हते.

त्या सकाळी आयडा खोलीचे दार लावून पुष्कळ वेळ बसली. बाहेर आली ती अमेरिकेला जाऊन डॉक्टर होऊन येईन, असे आईवडिलांना सांगण्यासाठीच. संसाराचा बेत तिने मोडला. पुढे त्यांनी लग्न केलेच नाही.

१८९५ साली त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या त्या याच महाविद्यालयातून. परत आल्यावर १८८७ साली अवघ्या एकविसाव्या वर्षी आनंदीबाई वारल्या, आणि एकाही रोग्याला त्यांचा हात लागायचा राहिला. तीच विद्या नऊ वर्षांनी त्याच इमारतीत एक अमेरिकन मुलगी हिंदुस्थानातील बायकांसाठी शिकायला बसली, हा योग मला विलक्षण वाटतो. शेवटचे वर्ष त्यांनी कॉर्नेल येथे काढले, कारण तेथे १८९८ पासून मुलींना प्रवेश मिळू लागला होता. १८९९ साली पदवी हाती आली.

निघण्यापूर्वी वेल्लोरच्या इस्पितळासाठी पैसे जमवायचे होते. आठ हजार डॉलर पाहिजेत आणि हाती काहीच नाही. न्यूयॉर्कमधील एका घरी त्या मदत मागावयास गेल्या असता शेजारच्या खोलीत बसलेल्या श्री. शेल नावाच्या वृद्ध सावकाराने त्यांचे बोलणे ऐकले व आपल्या दिवंगत पत्नीच्या नावाने एकरकमी दहा हजार डॉलर दिले. त्या पत्नीचे नाव मेरी टेबर शेल. वेल्लोरच्या पहिल्या इस्पितळाला तेच नाव मिळाले.

१९०० सालच्या आरंभी त्या वेल्लोरला आल्या. बरोबर ॲनी हॅन्कॉक नावाची मैत्रीण होती. वडिलांच्या हाताखाली अनुभव घ्यायचा असे ठरले होते. पण त्याच वर्षी मे महिन्यात वडील कर्करोगाने गेले. एवढ्या मोठ्या मुलखात ही तीस वर्षांची डॉक्टरीण एकटी पडली. लोक वडिलांना ओळखत होते, हिला नव्हते. बाईच्या हातून औषध घ्यायचे म्हणजे सुरुवातीला बायकांनासुद्धा धीर होईना. बंगल्यातली एक चिंचोळी खोली हाच दवाखाना, आणि तिच्या खिडकीतून औषध द्यायचे. मदतीला नर्स नाही. आचाऱ्याच्या बायकोला, सलोमीला, शिकवून तयार केले. तिनेच औषधे घोटायची, तिनेच बाळ धरायचे. हळूहळू गर्दी वाढली. पहिल्या दोन वर्षांत त्या एवढ्याशा जागेतून पाच हजारांवर रोगी गेले. १९०२ साली चाळीस खाटांचे शेल इस्पितळ उघडले.

रोगी येईनात तेव्हा डॉक्टरांनीच जायचे, हा त्यांचा रस्त्यावरचा दवाखाना. आधी गाडीघोडा, मग १९०९ च्या सुमारास एक लहानशी फ्रेंच मोटार. ती फटफटत आली की खेडुते भूत आले म्हणून शेतात पळत. पण थोड्याच दिवसांत गुडियात्तमच्या रस्त्याने ठरलेल्या झाडांखाली लोक पहाटेपासून येऊन बसू लागले. डोळे आलेली पोरे, खरजेने भरलेली पोरे, गळवे, जखमा, महारोगी. आयडाबाई गाडीतून उतरून तिथेच पट्ट्या बांधीत, गळू कापीत, औषध पाजीत आणि पुढच्या झाडाकडे जात. इस्पितळाची पायरी चढायला भिणारी आई झाडाखाली मात्र मूल पुढे करते, हे त्यांना बरोबर उमगले होते.

एका डॉक्टरने किती पुरे पडायचे? १९०९ साली नर्सांची शाळा सुरू झाली. मग मुलींना डॉक्टर करण्याची शाळा हवी असे त्यांनी मनावर घेतले. मद्रास इलाख्यातील वरिष्ठ गोऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याने परवानगी दिली खरी, पण तीन अर्जसुद्धा यायचे नाहीत असे भाकीत केले. अर्ज आले १५१. १२ ऑगस्ट १९१८ रोजी सतरा-अठरा मुलींवर शाळा सुरू झाली. परीक्षेची वेळ आली तेव्हा पुरुष विद्यार्थीच पाचांत एक पास होतात, तुम्ही आशा धरू नका, असे त्यांना सांगण्यात आले होते. परीक्षेला बसलेल्या चौदाही मुली पास झाल्या! १९२२ साली ही पहिली तुकडी बाहेर पडली. आपल्याकडे मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९७ पासून वैद्यकीय शाळा चालविली होती, पण ती मुलांची. मुलींसाठी एवढा आटापिटा करणारे त्या काळी विरळाच.

सगळ्यांत अवघड प्रसंग त्यांच्या सत्तरीच्या सुमारास आला. मद्रास सरकारने ठरविले की यापुढे विद्यापीठाची एम.बी.बी.एस. पदवी देणारीच महाविद्यालये चालतील, जुन्या डिप्लोमाच्या शाळा बंद. त्यासाठी खाटा वाढवायच्या, प्राध्यापक आणायचे, प्रयोगशाळा बांधायच्या. पैसा कोठून? सत्तरी उलटलेल्या आयडाबाई लढाईच्या दिवसांत अमेरिकेत गावोगाव भाषणे देत हिंडल्या. तेव्हा एक तोड पुढे आली. मुलग्यांनाही प्रवेश द्यावा, म्हणजे इतर मिशनांचा पैसा येईल. यावर अमेरिकेतील त्यांच्या जुन्या पाठीराख्या बायका चिडल्या. हा पैसा बायकांनी बायकांसाठी जमविला, तो पुरुषांच्या हाती द्यायचा म्हणजे विश्वासघात, असे त्यांचे म्हणणे. त्यांत आयडाबाईंच्या अनेक वर्षांच्या मैत्रिणी होत्या. आयडाबाईंना स्वतःलाही हे सहज पचले नाही. ज्या तीन बायकांसाठी हे सारे मांडले, त्यांचे काय? शेवटी त्यांनी होकार दिला. संस्था बंद पडली तर मुलींनाही काही उरणार नव्हते.

मला अजूनही वाटते की त्या मैत्रिणींचे म्हणणे अगदीच सोडून देण्यासारखे नव्हते. बायकांसाठी म्हणून काढलेली गोष्ट सर्वांची झाली की तीत बायकांची जागा हळूहळू आक्रसते, हे आपण पुष्कळ ठिकाणी पाहतो. पण इस्पितळाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला तो वाद काय कळणार! १९४७ साली दहा मुलगे दाखल झाले. आयडाबाई १९४६ साली निवृत्त झाल्या होत्या, आणि त्यांच्यानंतर संस्थेची सूत्रे डॉ. हिल्डा लाझरस या हिंदी बाईकडे आली, ही गोष्ट मात्र मनाला समाधान देते. त्याच सुमारास डॉ. पॉल ब्रँड यांनी तेथे महारोग्यांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया करून ती पुन्हा कामाला लावली.

आयडाबाईंनी ख्रिस्ताचा उपदेश लपवून ठेवला नाही. प्रार्थना झाल्याशिवाय त्या शस्त्रक्रियेला हात घालीत नसत. पण झाडाखाली बसलेल्या रोग्याची जात आणि धर्म विचारून औषध दिले असे कधी झाले नाही.

म्हातारपणी त्या कोडाईकनालच्या टेकडीवरील बंगल्यात राहत, बागेत गुलाब लावीत. त्यांचे नाव आणि खाली हिंदुस्थान एवढाच पत्ता घातलेले पत्रही त्यांना बिनचूक पोचले होते, असे सांगतात. १९६० सालच्या मे महिन्यात, नव्वदीला काही महिने उरले असता, त्यांनी तेथेच डोळे मिटले. त्यांचा देह डोंगरावरून खाली वेल्लोरला आणला. ज्या रस्त्यांवर पूर्वी त्यांची मोटार पाहून माणसे पळत, त्याच गावात त्यांना निरोप देण्यासाठी लोक दुतर्फा उभे होते.