गन्स्टन हॉलचा जॉर्ज मेसन

मंडळी, उत्तर व्हर्जिनियातल्या आपल्या बऱ्याच जणांना जॉर्ज मेसन हे नाव माहीत असतं ते युनिव्हर्सिटीमुळे. भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना माउंट व्हर्नन दाखवायला नेतो. तिथून काही मैलांवर असलेलं मेसनचं घर, गन्स्टन हॉल, मात्र राहून जातं.

मेसनचा जन्म १७२५ चा. तो नऊ वर्षांचा असताना वडील पोटोमॅक नदीत बुडाले. आत्याचे यजमान जॉन मर्सर वकील होते. त्यांच्या घरच्या पुस्तकांवरच मेसन शिकला, कॉलेजात गेलाच नाही.

१७५५ च्या सुमारास त्याने हे घर बांधायला घेतलं. बाहेरून अगदी साधं, दीड मजली, लाल विटांचं. विटांची रचना फ्लेमिश बाँडची, म्हणजे एकाच थरात एक वीट लांबीने आणि पुढची टोकाने. कोपऱ्यांना दगड. आत गेल्यावर मात्र लाकडी कोरीवकाम बघतच राहावं! ते विल्यम बकलँडच्या देखरेखीखाली झालं. हा विशीतला सुतार चार वर्षांच्या करारावर इंग्लंडहून आला होता. (बाँडवर परदेशी येणं आपल्याला काही नवीन नाही!)

या घरात मेसनची नऊ मुलं वाढली. १७७३ मध्ये पत्नी ॲन गेली आणि तो खचला. संधिवाताने आधीच बेजार, त्यात राजकारणाचा कंटाळा. तरी १७७६ च्या मे महिन्यात व्हर्जिनियाच्या हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्यानेच लिहिला. सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आहेत, हा त्याचा गाभा.

१७८७ मध्ये फिलाडेल्फियात राज्यघटना तयार झाली. तिच्यात नागरिकांचे हक्क नमूद नाहीत, हे मेसनच्या मुख्य आक्षेपांपैकी एक. त्याने सही केली नाही. शेजारी आणि जुना मित्र जॉर्ज वॉशिंग्टन त्यामुळे कायमचा दुरावला. १७९१ मध्ये हक्कांच्या दहा दुरुस्त्या घटनेत आल्या.

एक गोष्ट मला खटकत राहते. गुलामांच्या व्यापाराला मेसनने त्याच फिलाडेल्फियात कडाडून विरोध केला, पण त्याच्या स्वतःच्या शेतांवर गुलामच राबत होते. त्यातल्या एकालाही त्याने मुक्त केलं नाही. मृत्युपत्राने ते मुलांमध्ये वाटले गेले.

७ ऑक्टोबर १७९२ रोजी तो याच घरात वारला. घराजवळच्या कौटुंबिक दफनभूमीत, ॲनच्या शेजारी त्याला पुरलं आहे.