छातीतलं पाणी ऐकणारा डॉक्टर

भंडाऱ्याकडच्या खेड्यांतून येणारे रुग्ण अनेकदा स्वतःच सांगतात, ‘डॉक्टर, छातीत पाणी झालंय.’ हे पाणी फुप्फुसाच्या आत नसतं. फुप्फुस आणि बरगड्या यांच्यामध्ये जे दुपदरी आवरण असतं, त्यात साचतं. तिथेच कधी हवा शिरते. दोन्हींत फुप्फुस दाबलं जातं, धाप लागते. पण पाणी कुठलं, हवा कुठली, हे एक्स-रे नसताना नुसत्या कानाने ओळखायला शिकवलं रेने लेनेक या फ्रेंच डॉक्टरांनी.

लेनेक १७८१ साली ब्रिटनी प्रांतात जन्मले. लहानपणीच आई गेली. नांत शहरातल्या डॉक्टर काकांनी सांभाळलं. १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकर रुग्णालयात हृदयविकाराची एक तरुणी त्यांच्यापुढे आली. अंगाने स्थूल, त्यामुळे छाती ठोकून काही कळेना. छातीला कान लावणं संकोचाचं. त्यांनी कागदाची घट्ट गुंडाळी करून एक टोक तिच्या छातीवर, दुसरं आपल्या कानाला लावलं. ठोके आधीपेक्षा स्पष्ट ऐकू आले! पुढे ते लाकडाच्या नळ्या स्वतः घडवू लागले. (बासरीही वाजवत. कान तयार होता.)

माझ्या मते नळीपेक्षा मोठं काम त्यानंतरचं. छातीत काय ऐकलं ते लेनेक लिहून ठेवत आणि रुग्ण दगावलाच तर शवविच्छेदनात ताडून पाहत. पाण्याच्या वरच्या काठाशी रुग्णाचं बोलणं शेळीच्या ओरडण्यासारखं कापरं ऐकू येतं, हे त्यांनीच टिपलं. हवा भरली असेल तर ठोकल्यावर छाती ढोलासारखी वाजते, पण नळीतून श्वासच ऐकू येत नाही. १८१९ साली हे सारं त्यांनी ग्रंथात मांडलं. सरकारी दवाखान्यात एक्स-रे येईपर्यंत आम्ही आजही याच खुणा शोधतो. तरुण माणसाच्या छातीत एका बाजूला पाणी झालं, की आधी शंका क्षयाची घेतो. त्याच्या गोळ्या आता मोफत मिळतात.

लेनेक यांच्या काळी औषध नव्हतं. क्षयाचा जंतूही १८८२ मध्ये सापडला. १८२६ साली खोकला, ताप, धाप घेऊन ते ब्रिटनीला परतले. नात्यातल्याच एका तरुण डॉक्टरने त्यांच्या छातीला तीच नळी लावली. ऐकू आलेल्या खुणा क्षयाच्या होत्या, लेनेक यांनीच वर्णिलेल्या. १३ ऑगस्टला ते गेले, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी.