गोचिडीचा माग काढणारा संशोधक : हॉवर्ड रिकेट्स

हॉवर्ड टेलर रिकेट्स यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८७१ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात फिंडले या गावी झाला. १८९३ च्या आर्थिक मंदीत घरची सुस्थिती लयाला गेली. तरीही नेटाने वैद्यकाचे शिक्षण घेऊन त्यांनी १८९७ साली पदवी संपादन केली. १९०२ पासून ते शिकागो विद्यापीठात रोगविज्ञान शिकवू लागले.

त्या काळी मोंटाना राज्यातील बिटररूट नदीच्या खोऱ्यात दर वसंतात एक भयंकर ज्वर उद्भवत असे. अंगावर ठिपके उठत आणि बहुसंख्य रोगी दगावत. नवल असे, की हा रोग मुख्यत्वे नदीच्या पश्चिम तीरावरच आढळे. डोंगरातून येणाऱ्या बर्फाच्या पाण्याला लोक दोष देत.

१९०६ साली रिकेट्स तेथे गेले. तंबूत प्रयोगशाळा थाटून त्यांनी गिनीपिगवर प्रयोग केले आणि हा रोग गोचिडीच्या दंशाने होतो हे सिद्ध केले. रोगजंतू मादीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतात, हेही त्यांनी दाखवून दिले.

मग कोडे उलगडू लागले. पश्चिमेकडील अरण्य तोडून माणसाने वस्ती केली होती. तोडलेल्या जागी झुडुपे माजली आणि बिळे करणाऱ्या खारी वाढल्या. गोचिडीची पिले खारींच्या रक्तावर पोसत, तर मोठ्या गोचिडींना वसाहतवाल्यांची गुरेढोरे आयतीच मिळत. म्हणजे रोगाला वाट माणसानेच करून दिली होती!

पुढे मोंटानातील कार्यास पैशाची अडचण आली. तेव्हा रिकेट्स मेक्सिकोत टायफसच्या संशोधनास गेले. हा रोग अंगावरील उवांमुळे पसरतो, याला त्यांच्या प्रयोगांनीही दुजोरा दिला. परंतु त्याच रोगाने त्यांना गाठले आणि ३ मे १९१० रोजी, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली.

१९१६ साली द रोशा लिमा या शास्त्रज्ञाने टायफसच्या जंतूंना ‘रिकेट्सिया’ हे नाव देऊन त्यांची स्मृती चिरंतन केली. गोचिडीची भावंडे शोभावीत अशा सूक्ष्म किड्यांच्या अळ्यांमुळे होणाऱ्या स्क्रब टायफसचा जंतूही १९९५ पर्यंत याच वंशात (जीनसमध्ये) गणला जाई.

ही कथा आपल्याला परकी नाही. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर अरण्यात माकडतापाचा उद्भव झाला. तेथील रोगकारक हा विषाणू असला, तरी वाहक गोचीडच. रान तोडून गुरे चारावयास नेली, की तेथेही गोचिडी वाढतात. रोगाचे मूळ शोधताना केवळ रोग्याकडे पाहून भागत नाही. त्याचे रान, त्याची गुरे आणि त्याची कुऱ्हाडही पाहावी लागते. रिकेट्स यांच्या अल्पायुषी जीवनाने दिलेला हा धडा आपल्या सह्याद्रीच्या कुशीतही तितकाच खरा आहे.